हात पोचेल तिथवर चुना

मुनव्वर रंगारी कुणाच्याही घरात शिरला, की आधी भिंतीला हात लावायचा आणि मग माणसांना रामराम करायचा. पस्तीस वर्षं ब्रश धरून त्याला ही खोडच जडली होती. तळहात नाही, हाताची मागची बाजू टेकवायची. तळहाताला रंग घासून घासून घट्टे पडलेले, त्याला गार-ऊन काही कळत नसे. मागच्या बाजूला मात्र भिंत कोरडी आहे की आत पाणी धरून बसलीय, ते लगेच कळायचं.

चिमणाबाईंच्या विकाऊ घरात पाऊल टाकल्यावरही त्याने तेच केलं. एप्रिल संपत आला होता. रंकाळ्याच्या मागे, तळ्याला लागून जरा खोलगट अशा गल्लीत ते घर होतं. पुढे सोपा, मधे एक मोठी खोली, मग स्वयंपाकघर आणि परसात वेगळी न्हाणी. कौलं जाऊन वर पत्रा आलेला, पण भिंती जुन्या, हातभर जाडीच्या. परसाच्या भिंतीवरून मान उंच केली, की तळ्याचं पाणी दिसायचं.

त्याच्या बायकोने, इमामबीने, मान उंच केली आणि ती तिथेच उभी राहिली. "शहजादचे अब्बा, इकडं या तर," ती म्हणाली. "बघा, होड्या दिसायल्यात."

मुनव्वरचं लक्ष होड्यांकडे नव्हतं. तो मधल्या खोलीत उभा होता. खोलीच्या तीन भिंती जुन्या, मळकट पिवळ्या. चौथी तेवढी नवीकोरी आकाशी. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

"ही एकच का रंगवलीस रं?" त्याने सम्राटला विचारलं.

सम्राट म्हणजे घरं दाखवणारा एजंट. तिशीचा, कानात सतत फोन. तो हसला. "चाचा, तुमीच शिकवलंय की! घर दाखवायच्या आधी एक हात मारायचा. पावणं आत आलं की पयली हीच भित दिसती."

मुनव्वरने त्या आकाशी भिंतीला हात टेकवला. गार होती. पण नवा रंग गारच लागतो, त्यावरून काही ठरत नाही. आणि सम्राट खोटं बोलत नव्हता. ते त्याला मुनव्वरनेच शिकवलं होतं.

रंकाळ्याच्या आसपास विकायला निघालेलं घर आणि त्यात ओल, हे जुनं दुखणं होतं. पावसाळ्यात जमीन पाणी धरायची, घराच्या पायातून ओल भिंतीत चढायची. मिठासारखा पांढरा लोणा लागायचा, पोपडे सुटायचे. मग एजंट लोक मुनव्वरला बोलवायचे. पोपडे खरवडून, खड्डे लांबीने भरून, वर रंगाचे दोन हात मारून तो भिंत अशी गुळगुळीत करायचा, की उन्हाळ्यात पाहणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये. गिऱ्हाईक बघायला यायचं ते बहुतेक उन्हाळ्यातच.

त्यातलं एक गिऱ्हाईक त्याला विसरता येत नव्हतं. आदर्श नावाचे तरुण मास्तर. नवं लग्न, नवं घर. जुलैत त्यांच्या भिंतीला पापडासारखे फुगे आले. भिंत परत रंगवून घ्यायला मास्तर नेमके मुनव्वरकडेच आले. चिडले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चाचा, मागच्या येळंला बी तुमीच रंगवली हुती म्हणं." मुनव्वरने मान खाली घालून भिंत परत रंगवली होती. परत झाकलीच होती म्हणायची.

आता झाकलेली भिंत त्याच्यासमोर उभी होती आणि गिऱ्हाईक तो स्वतः होता.

"चाचा, परवा बेस्तरवारी इसार द्या," सम्राट जाताना म्हणाला. "माझ्यावर ढकलू नका मग. लॉजवाला रोज दोनदा फोन करायलाय. त्याला भिती कशाबी चालतील, तो पाडूनच बांधणार हाय."

ते खरंच होतं. देवीच्या दर्शनाला येणारे आणि रंकाळ्यावर फिरायला येणारे लोक इतके वाढले होते, की गल्लीतल्या दर दुसऱ्या दारावर 'रूम मिळतील' अशी पाटी लागली होती. मुनव्वर ज्या भाड्याच्या खोलीत बावीस वर्षं राहिला, तिचा मालकही तेच करणार होता. पावसाच्या आत खोली सोडा, असं त्याने सांगितलं होतं. आणि खोली सोडायला इमामबी एका पायावर तयार होती. तिला दमा होता. खोलीची मागची भिंत पावसाळ्यात घामेजायची आणि इमामबी आषाढ-श्रावण पाठीशी उशा लावून बसून काढायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधं बदलून उपयोग नाही, घर बदला. कोरडं घर बघा.

कोरडं घर. मुलाच्या, शहजादच्या, नावावर वीस वर्षांचं कर्ज निघणार होतं ते यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनव्वर एकटाच परत गेला. "काकी, जरा वायरिंग बघतो," असं म्हणाला.

चिमणाबाई सोप्यात बसून लसूण सोलत होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. नवरा गणपतराव जाऊन सहा वर्षं झाली होती. एकटीने राहणं होईना, म्हणून त्या गडमुडशिंगीला लेकीकडे जाणार होत्या.

"बघ की. माझ्या वायरीला काय सोनं लागलंय?" त्या म्हणाल्या आणि परत लसणाकडे वळल्या.

मुनव्वर मधल्या खोलीत गेला. आकाशी भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर प्लगची पेटी होती. त्याने स्क्रू काढून तिचं झाकण बाजूला केलं. ही त्याची जुनी युक्ती. रंगारी भिंत कितीही झाको, पेटीच्या कडेला भिंतीचे सगळे थर उघडे दिसतात, वहीच्या पानांसारखे. त्याने खरवडायची पट्टी काढली, कडा साफ केली आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून मोजायला लागला. वर आकाशी. त्याखाली चुना. त्याखाली परत चुना. परत चुना. एकवीसपर्यंत मोजले आणि पुढचे एकमेकांत मिसळून गेले.

त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि छताजवळची ट्यूबलाईटची पट्टी सैल करून तिच्यामागे खरवडलं. आकाशी, पिवळा, हिरवा. तीन. बस.

तो स्टुलावरून उतरला. खाली एकवीस आणि वर तीन. याचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खालची भिंत दरसाल खराब होत होती आणि दरसाल चुन्याचा हात मारून झाकली जात होती. अशा किती भिंती त्याने पाहिल्या होत्या.

"झालं का रं वायरीचं?" सोप्यातून हाक आली.

"व्हय काकी," तो म्हणाला आणि झाकण लावून निघाला.

तो घरी गेला नाही. रंकाळ्याच्या काठावर येऊन बसला. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळे दुपार कलली तशी गर्दी वाढली. बाहेरगावच्या गाड्या, भेळेचे गाडे, घोड्यावर बसून रडणारी पोरं. सगळे तळ्याकडे तोंड करून फोटो काढत होते. किती चांगलं गाव, किती पाणी, असं कौतुकाने बोलत होते. मुनव्वरला वाटलं, हेच पाणी जमिनीखालून सरकत सरकत त्या आकाशी भिंतीपर्यंत जातंय आणि आपण इथे बसून बघतोय. छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं. इमामबीला असंच होत असेल का?

घरी आला, तर इमामबीने भांडी पोत्यात भरायला घेतली होती.

"आत्तापास्नं?" तो म्हणाला.

"मग काय म्होरच्या वर्षी?" घरात ती दखनी बोलायची, पण रागात किंवा आनंदात असली की अशी कोल्हापुरी मराठीत यायची. "शेजारच्या धोंडुबाईला सांगून आली. तिला म्हटलं, परसातनं पाणी दिसतंय आमच्या. तिचं तोंड बघाया पायजे हुतं."

"बोंबलत फिरू नगंस. अजून इसार झाला न्हाय."

"उद्या हुतोय की. तुमचं तोंड का असं? ऊन लागलं?"

सांगायला पाहिजे होतं. शब्द जिभेवर आले होते. पण ती पोत्याचं तोंड बांधता बांधता धापा टाकायला लागली, खाली बसली, आणि बसल्या बसल्याही हसत म्हणाली, "हे शेवटचंच. तिकडं गेल्यावर थांबतंय बघा." मग त्याच्याने बोलवेना. शहजाद कामावरून आला, त्यालाही त्याने काही सांगितलं नाही. भिंत वाईट आहे म्हणावं, तर दुसरं घर बघायला वेळ नाही आणि ऐपतीत बसणारंही नाही. चांगली आहे म्हणावं, तर पहिल्याच पावसात बायको त्याच भिंतीला टेकून धापा टाकणार. जेवताना त्याने अर्धी भाकरी ताटातच ठेवली. शहजाद म्हणाला, "अब्बा, कर्जाची काळजी करताय का? मी हाय की." मुनव्वर 'हूं' एवढंच म्हणाला.

गुरुवारी सकाळी सगळे चिमणाबाईंच्या सोप्यात जमले. शहजादने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. इमामबीने नवी साडी नेसली होती आणि मांडीवर पेढ्यांचा पुडा धरला होता. सम्राट कागद घेऊन आला होता. चिमणाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. चहात साखर जास्तच होती, पण सगळ्यांनी तो संपवला.

"चला, काकी, अंगठा का सही?" सम्राट म्हणाला.

"सही. चौथी शिकलीय म्या."

सम्राटने पेन पुढे केलं आणि तेवढ्यात मुनव्वर बोलला. आपण बोलतोय हे त्याला स्वतःलाच उशिरा कळलं.

"काकी, सही करायच्या आधी एवढं सांगा. मधल्या खोलीच्या भितीला ओल येती न्हवं?"

इमामबीचा हात पुड्यावरच थांबला.

"कुठल्या भितीला?" चिमणाबाई म्हणाल्या.

"त्या निळ्या. मी पेटी उघडून बघितलंय. खाली चुन्याचं एकवीस थर हायत आणि वर तीन रंग. दरसाल झाकल्याबिगर असं हुत न्हाय. काकी, बायकोला दमा हाय माझ्या. तुमी मोठ्या हाईसा, खोटं बोलू नगासा."

"अब्बा!" शहजाद म्हणाला.

"चाचा, काय हे? इसाराच्या टायमाला?" सम्राट उठून उभा राहिला.

चिमणाबाईंनी पेन खाली ठेवलं. गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि कमरेत वाकलेल्या तशाच चालत मधल्या खोलीत गेल्या. बाकीचे मागून गेले. त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि मुनव्वरकडे न बघताच म्हणाल्या, "खरवड."

"काकी..."

"खरवड म्हणती न्हवं! हत्यार आणलंसच की खिशात. वरपास्नं खालपातूर खरवड. माझ्या भितीवर आळ घेतलास, आता तिला बोलू दे."

मुनव्वरने पट्टी काढली. त्याने डोक्याच्या वरपासून जमिनीपर्यंत वीतभर रुंदीचा पट्टा घेतला आणि अगदी हलक्या हाताने, एकेक थर सोडवत, खरवडायला लागला. आकाशी रंग सालीसारखा निघाला. चुन्याची धूळ उडायला लागली, तशी शहजादने आईला दाराबाहेर नेलं. ती उंबऱ्यापाशी तोंडाला पदर लावून उभी राहिली, पण गेली नाही.

पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं नाही. तो थर मोजत होता. मग त्याचा हात मंदावला. तो मागे सरला, चष्मा पुसला आणि परत बघितलं.

थर सगळे एकाच उंचीवर संपत नव्हते. सगळ्यात आतला, सगळ्यात जुना थर त्याच्या डोक्याच्याही टीचभर वर गेला होता. त्याच्यावरचे दोन-चार तेवढेच. मग पुढचे जरा खाली. पुढचे आणखी खाली, कपाळाएवढे, मग खांद्याएवढे. सगळ्यात वरचा, आकाशीच्या लगेच खालचा थर त्याच्या कमरेपाशीच थांबला होता. आणि प्रत्येक थराची वरची कडा सरळ नव्हती, ओल चढते तशी लाटेसारखीही नव्हती. ती फटकाऱ्यांची होती. कुंचला वर नेऊन जिथवर पोचला तिथे सोडून दिल्यावर पडते तशी.

ओल वर चढते. दरसाल थोडी वर, थोडी वर. खाली उतरणारी ओल त्याने जन्मात पाहिली नव्हती. आणि थरांच्या मधे लोणा नव्हता, पोपडा नव्हता, भिंत बोट वाजवलं की ठण् बोलत होती.

त्याने वळून चिमणाबाईंकडे बघितलं. त्यांच्या वाकलेल्या कमरेकडे, मग खांद्याकडे.

"काकी," तो हळू म्हणाला, "ह्यो हात तुमचा हाय."

"मग काय सम्राटचा?" त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यासारखा खणखणीत राहिला नव्हता. "ह्या भितीला पीर बसायचा. मालकांच्या आज्याच्या आज्यापास्नं. मोहरमचा चांद दिसायच्या आदी घरच्या बाईनं भितीला चुना लावायचा आणि पिराचा पितळी पंजा बसवायचा. सासूबाई म्हणायच्या, शिडी लावायची न्हाय, पिराच्या डोक्यावर चढायचं न्हाय. हात पोचंल तिथवरच लावायचा. एकवीस मोजलंस तू. लगीन हुऊन आल्यापास्नं छपन्न येळा लावलाय म्या. सासूबाईंचा येगळा." त्यांनी हात थोडा वर नेऊन खाली घेतला. "दोन सालामागं बसूनच लावला. वर जाईना हात. मग पंजा तालमीत दिला. तितं पोरं हायत, करत्यात."

मुनव्वरच्या घरी कधी पीर बसला नव्हता. पण लहानपणी मोहरमात गल्लीतल्या मराठ्यांच्या घरून मलिदा यायचा, तो त्याला आठवला. तो वाडगा कुठल्या घरातून यायचा, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"काकी, चुकी झाली माझी," तो म्हणाला.

"झालीच." त्या वळल्या आणि सम्राटकडे बोट केलं. "आणि ह्यानं मला न इचारता त्येच्यावर ह्यो निळा भपका मारला. म्या गप ऱ्हायली. इकायचंच हाय म्हटलं, रडून काय हुतंय."

सम्राट फोनकडे बघत बसला.

"आणि ओल बघायचीच हुती," चिमणाबाई मुनव्वरला म्हणाल्या, "तर परसात न्हाणीची भित बघायची. तिला हाय ओल. आषाढात हात लावलास तर पाणी येतंय. ती कवाच झाकली न्हाय म्या. दोन दिवस झालं घरात फिरतोयस, तिकडं गेलास का? न्हाय. रंग न्हवता न्हवं तितं! तुला रंगाबिगर काय दिसतच न्हाय."

मुनव्वरला तोंडात मारल्यासारखं झालं. तो तसाच परसात गेला. न्हाणीची मागची भिंत उघडी होती, ना चुना ना रंग, आणि विटांवर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरा लोणा फुलला होता. भर उन्हाळ्यात, उजेडात. कुणाही पोराला दिसला असता. काल आणि परवा तो परसात आलाच नव्हता.

त्याने वाकून विटेला हात टेकवला. गार. मग मागे चालत जाऊन न्हाणीपासून घरापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. आठ पावलं, मधे कोरडी, भेगाळलेली जमीन. स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावला, मधल्या खोलीच्या बाहेरच्या अंगाला लावला, कोपऱ्यात बसून पायाच्या दगडालाही लावला. या वेळी तो कुठेही घाई करत नव्हता. परत आला तेव्हा चिमणाबाई भिंतीसमोर खाली बसल्या होत्या. इमामबी त्यांच्या शेजारी टेकली होती. पेढ्यांचा पुडा दोघींच्या मधे, अजून दोरा बांधलेलाच.

"न्हाणी पाडून नवी बांधावी लागंल," मुनव्वर म्हणाला.

"लागंल की," चिमणाबाई म्हणाल्या.

"घर द्याल न्हवं काकी?"

चिमणाबाई भिंतीकडे बघत राहिल्या. मुनव्वरच्या मनात आलं, लॉजवाला भिंत न बघताच पैसे टाकेल. तो तिच्यावर आळही घेणार नाही, नुसती पाडेल. सम्राटच्या खिशात फोन वाजला आणि वाजतच राहिला. शहजाद बापाकडे बघत होता. ते बघणं मुनव्वरला सहन होईना.

"तुजा हात कुठवर पोचतोय गं?" चिमणाबाईंनी एकाएकी इमामबीला विचारलं.

इमामबी गोंधळली. तिने भिंतीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. उठून भिंतीपाशी गेली आणि हात वर केला. तिची बोटं खरवडलेल्या पट्ट्यात, जुन्या थरांच्या मधोमध कुठेतरी टेकली. दम लागला, तसा तिने हात खाली घेतला.

"माझा चाळिशीतला हात," चिमणाबाई म्हणाल्या. मग मुनव्वरकडे वळल्या. "चुना लावा न्हायतर लावू नगासा, ते तुमचं तुमी बघा. पण ह्यो निळा रंग आजच्या आज काढ. त्यो असताना सही करायची न्हाय म्या."

"भित पुरी हाय काकी. संध्याकाळ हुईल."

"हुईना. मला कुठं गाडी गाठायचीय? आणि ए सम्राट, तो फोन बंद कर, न्हायतर उचल तरी."

सम्राटने फोन बंद केला.

मुनव्वरने बाही वर केली. "शहजाद, आईला परसात बसव," तो म्हणाला. "इकडं धूळ उडंल." मग त्याने एका बादलीत पाणी मागितलं, आकाशी रंगावर ओला फडका फिरवला आणि वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. चुना खरवडला जाऊ नये म्हणून पट्टी आडवी, अगदी आडवी धरली होती. चिमणाबाई जागेवरून हलल्या नाहीत. जरा कुठे पट्टी खोल गेली, की त्या लगेच म्हणत होत्या, "हळू. हळू की रं."